फाटकावरचा नंबर

दगडू पायरीच्या झाडावरून पडला आणि पडल्या पडल्या ओरडला काय, तर "शके, आंबे बघ!"

माणसाने अशा वेळी आई गं म्हणावं, निदान बायकोच्या नावाने खडे फोडावेत. शकूने आंब्यांकडे ढुंकूनही बघितलं नाही. ती बांधावर वाळल्या पानांचा पातेरा गोळा करत होती, ती खराटा टाकून धावत आली. दगडूचा उजवा पाय गुडघ्याच्या खाली जिथे वाकायला नको तिथे वाकला होता. तोंड घामाने निथळत होतं आणि आंबे उतरवायचा झेला त्याने अजून हातातून सोडला नव्हता.

"हलू नका," शकू म्हणाली.

"सायबांची पेटी जायचीय आज," दगडू म्हणाला.

गावातून जीप येईपर्यंत ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. मग ते हळूच खाली ठेवून तिने आंबे गोळा केले. कुणाला हे वाचून राग येईल, पण राखणदाराच्या खोलीत राहून बघितल्याशिवाय येऊ नये. फुटलेले आंबे तिने बाजूला काढले, चांगले पुसले, सुकं गवत घालून पेटी भरली, सुतळीने आवळली आणि फाटकाशी नेऊन ठेवली. दुधाच्या टेम्पोवाल्याने ती दर वर्षीसारखी उचलली आणि माजिवड्याला पोचती केली. पेटी गेली नसती तर साहेबांचा फोन आला असता, आणि फोन आला असता तर दगडू पडल्याचं सांगावं लागलं असतं. तेवढंच शकूला सांगायचं नव्हतं.

खडवलीची ती वाडी कर्णिकसाहेबांची. विश्राम कर्णिक बँकेतून निवृत्त होऊन माजिवड्याला राहायचे आणि महिन्या-दोन महिन्यांनी वाडीवर चक्कर मारायचे. दगडू आणि शकू तिथले राखणदार. विहिरीजवळची एक विटांची, वर पत्रे घातलेली खोली, महिन्याचा पगार, आणि खोलीमागचा तुकडा शकूला भाजी लावायला. मुलगी प्रीती कडेवर असताना ती दोघं इथे आली. आता प्रीती लग्न होऊन डोंबिवलीला होती आणि तिची पोरगी तिच्या कडेवर होती. राखणदार म्हणजे चालता-फिरता माणूस. बसलेल्या राखणदाराला कोण कशाला ठेवील? आणि काम गेलं की खोली गेली, कारण खोली कामाची होती, त्यांची नव्हती.

सरकारी दवाखान्यात दगडूच्या पायाला मांडीपर्यंत प्लास्टर घातलं. डॉक्टर म्हणाले, पाऊस चांगला लागेपर्यंत पाय जमिनीला टेकवायचा नाही. मग दोघांनी मिळून जे ठरवलं ते साधं होतं. साहेबांचा फोन आला की दगडूने खाटेवरून उचलायचा आणि वाडीत असल्यासारखं बोलायचं. बाकीचं शकूने बघायचं.

बाकीचं म्हणजे सगळं. पहाटे उठून मोटर चालू करायची, कलमांना पाणी सोडायचं, पाट कुठे फुटला तर फावड्याने माती ओढायची. दुपारी पातेरा ओढून खड्ड्यात टाकायचा, सरपण फोडून पडवीत रचायचं, पावसाच्या आधी पत्र्यावर ताडपत्री चढवून तिला दगड बांधायचे. हे सगळं दगडूचं काम होतं. तिचं स्वतःचं काम होतंच: भेंडी, कारली, दुसऱ्याच्या घरची दोन गुरं, स्वैपाक, आणि आता दगडूचं हगणं-मुतणं. फावड्याने तिच्या हाताला फोड आले, ते फुटले, त्यावर पुन्हा आले. ती हळद लावायची आणि फडकं गुंडाळून पुन्हा फावडं उचलायची. अंगाने ती बारीक होती, पण हट्टाला भारी.

तिला भीती कामाची नव्हती, दगडूची होती. दिवसभर वाडी पालथी घालणारा माणूस पत्र्याकडे बघत पडून राहायला लागला. आधी तो तिला हाका मारून मारून कामं सांगायचा, तेव्हा ती वैतागायची. मग हाका बंद झाल्या, आणि ते जास्त वाईट होतं. भाकर अर्धी टाकायचा. काय झालं विचारलं तर "काय नाय" म्हणायचा. एकदा ती पाणी सोडून आली तर तो भिंतीकडे तोंड करून पडला होता आणि खांदे हलत होते. ती आल्या पावली बाहेर गेली, बादली वाजवत परत आली, म्हणजे त्याला डोळे पुसायला वेळ मिळावा.

"तुमी दवाखान्यात हसलेला," त्या रात्री जेवताना ती म्हणाली.

"कधी?"

"वॉर्डात टीव्ही होता ना. कबड्डी लागलेली. तो पोरगा चड्डी सुटंल म्हणून एका हातानं धरून पळत होता."

दगडूच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. शकूने ते बघितलं आणि मनात पक्कं केलं.

भाजीचे पैसे ती डब्यात टाकत आली होती, प्रीतीच्या पोरीच्या पायात पैंजण घालायला. पैंजण थांबू शकत होते. तिने दगडूला सांगितलं की प्रीतीकडे जाऊन येते, त्याच्या उशाशी पाणी, भाकर आणि फोन ठेवला, आणि धुतलेलं लुगडं नेसून कल्याणला गेली.

कल्याणच्या त्या दुकानात भिंतभर टीव्ही होते आणि सगळ्यांवर एकच बाई एकच कांदा कापत होती. विकणाऱ्या पोराने तिला बरंच काही सांगितलं. शकूने एवढंच विचारलं, की पडल्या जागेवरून बटणं दाबता येतात ना, आणि ज्याचा आवाज बाहेर विहिरीपर्यंत येईल असा कुठला. मधल्या आकाराचा एक टीव्ही ठरला, छतावरच्या छत्रीसकट. मग तिला काउंटरवर पाठवलं. तिथे कल्पिता नावाची एक तरुण मुलगी कॉम्प्युटरसमोर बसली होती. नाव तिच्या छातीवरच्या पट्टीवर होतं.

"नाव सांगा, मावशी."

"शकू."

"पूर्ण."

"शकुंतला दगडू रोकडे."

"मोबाईल नंबर?"

"मोबाईल घरी हाय."

"घरी असू दे. नंबर सांगा ना."

"तो मला कसा ठावा असंल? मी काय मलाच फोन करते?"

मागे उभा असलेला माणूस हसला. शकूने पदर सारखा केला. "मी रोख पैसे देतेय ना, बाय? मग नंबर कशाला पायजे?"

"नंबर टाकल्याशिवाय हे पुढे जातच नाही," कल्पिता म्हणाली आणि तिने पडदा थोडा वळवून दाखवला. एका रिकाम्या चौकोनाभोवती लाल रेघ होती. "आपण तो नंतर बघू. जन्मतारीख?"

शकूने आधार कार्ड काढून दिलं. ते बघून कल्पिता म्हणाली, "एक जानेवारी. अर्धं कल्याण एक जानेवारीलाच जन्मलंय. घरात माणसं किती?"

"दोन."

"काम काय करता?"

"राखण करतो."

"लग्नाचा वाढदिवस?"

आता मात्र शकूने काउंटरवर दोन्ही हात ठेवले. "अगं पोरी, मी टीव्ही घ्यायला आले का सोयरीक जमवायला?"

कल्पिता खळखळून हसली. मग इकडेतिकडे बघून आवाज खाली आणून म्हणाली, "मला पण नाही आवडत हो विचारायला. पण एक चौकोन रिकामा राहिला तरी वरून बोलणी बसतात. नंबरच्या जागी माझा टाकू का? करतो आम्ही कधी कधी."

"नको गं. टेम्पोवाला तुला फोन करंल. तू काय सांगशील त्याला, कुठल्या वळणावर वळायचं?"

आणि मग तिला सुचलं. वाडीच्या लोखंडी फाटकावर एक पत्रा लावलेला होता: परवानगीशिवाय आत येऊ नये, आणि खाली मोठ्या पांढऱ्या आकड्यांत साहेबांचा नंबर. शकूला आकडे आले ते त्या पत्र्यावरून. वाडीत काहीही झालं तरी हाच नंबर द्यायचा, असं साहेबांनी पहिल्या दिवशी सांगितलेलं. गुरांचा डॉक्टर असो, मोटर दुरुस्त करणारा असो, वायरमन असो, आजवर तिने तोच दिला होता. तिच्या लेखी तो साहेबांचा नंबर राहिलाच नव्हता, तो घराचा झाला होता. ती शाळेतल्या पोरीसारखी चालीवर म्हणून गेली आणि लाल रेघ निघून गेली.

"पत्ता आधारवरचाच ना? पडघा?"

रेशनकार्ड, आधार, मतदान, सगळं दगडूच्या भावाच्या घरचं होतं, पडघ्याचं. तो साहेबांच्या मुलाचा, मुकुलचा नियम. कुठल्याही कागदावर वाडीचा पत्ता द्यायचा नाही. कागद जमले की राखणदार उद्या कूळ म्हणून उभा राहतो आणि जमिनीवर नाव लावायला बघतो, असं त्याच्या वकील मित्राने त्याला सांगितलं होतं. शकूने तो नियम कधी मोडला नव्हता. पण त्या क्षणी तिच्या डोळ्यांसमोर फक्त टेम्पो होता.

"पडघ्याला नको. तिथं उतरवला तर दीरच बघत बसंल," ती म्हणाली. "कर्णिक फार्म लिहा. खडवली."

घरी येऊन तिने दगडूला सांगितलं तेव्हा तो चिडला, पैंजणांवरून बोलला, वीज किती खाईल यावरून बोलला. बोलला हेच पुष्कळ झालं. रात्री त्याने आख्खी भाकर खाल्ली.

टेम्पो आला त्या दिवशी ती वाडीच्या पार टोकाला होती, फुटलेल्या पाटात गुडघाभर चिखलात. हॉर्न ऐकू आला. तिने फावडं टाकलं आणि धावली. लुगडं ओलं, पायाला चिखल, मधे एकदा घसरून पडलीही. फाटकाशी पोचली तेव्हा टेम्पो वळून रस्त्याला लागला होता. तिने हाका मारल्या, हात हलवले. धुरळा खाली बसला आणि रस्ता मोकळा दिसायला लागला.

खोलीत आली तर दगडू खाटेवर कोपरावर उठून बसला होता. "काय झाला? परत गेला काय?"

उत्तर द्यायच्या आत त्याच्या हातातला फोन वाजला. साहेब होते.

"दगडू, मला आत्ता एका टेम्पोवाल्याचा फोन आला," साहेबांचा आवाज शकूलाही ऐकू येत होता. "तुमचा टीव्ही आणलाय, फाटक उघडा म्हणतो. मी म्हटलं मी काही घेतलेलं नाही, घेऊन जा परत. काय भानगड आहे?"

दगडूने शकूकडे बघितलं. "भानगड काय नाय, साहेब. ती चूक झाली जरा."

"तू आहेस कुठे?"

"विहिरीवर हाय, साहेब."

"मग पंखा कुठला वाजतोय?"

वरचा पंखा करकरत होता. शकूने झटकन जाऊन बटण बंद केलं, आणि ते बंद झालेलंही पलीकडे ऐकू गेलं असणार.  साहेब म्हणाले, "उद्या दहाच्या सुमारास येतो. मुकुलही येतोय. त्या दुकानाचा मेसेज आलाय मला, तो त्याला पाठवलाय मी."

फोन ठेवल्यावर दगडूने तो खाटेवर आपटला. "सायबांचा नंबर दिलास? तुला दुसरा सुचला नाय?"

"मला दुसरा येतो कुठं?"

"आता पडघ्याला जाऊन भावाच्या दारात पडायचं. हा पाय घेऊन. त्याची बायको ताटात वाढंल आणि मोजंल."

शकू उंबऱ्यात बसली आणि पायाचा चिखल नखाने काढत राहिली. चूक तिचीच होती. ज्याच्यापासून लपवायचं त्यालाच तिने दुकानातून बोलावणं धाडलं होतं. बाहेर उन्हं उतरली. गुरं हंबरली तरी ती उठली नाही. तिला आतून भरून येत होतं आणि रडायलाही लाज वाटत होती.

बऱ्याच वेळाने खाटेवरून आवाज आला. "शके."

"काय?"

"केवढा होता?"

"काय केवढा?"

"टीव्ही."

तिने उंबऱ्यातूनच दोन्ही हात पसरून दाखवले.

"एवढा?" दगडू म्हणाला. "लय मोठा घेतलास." आणि मग हळूच, "ये, आत ये. चिखल उद्या काढ."

सकाळी तिने त्याला अंग पुसून काढलं, साबण लावून दाढी केली. गाल ताणून वस्तरा फिरवताना तो लहान पोरासारखा डोळे मिटून बसला. धुतलेला सदरा घातला. ठरवलं ते असं, की दगडूला फाटकाजवळच्या आंब्याखाली खुर्चीत बसवायचं, पायावर गोणपाट टाकायचं, हातात कोयता आणि पुढ्यात धार लावायचा दगड ठेवायचा. गाडी आली की शकू फाटक उघडणार. साहेब तासभर थांबतात, जातात. दोघांनाही ठाऊक होतं की हे पोरखेळ आहे, पण दुसरं काही सुचत नव्हतं.

दगडूचा एक हात तिच्या गळ्यात, तिचा हात त्याच्या कमरेला. तो एका पायावर उडी मारायचा, थांबायचा, श्वास घ्यायचा. प्लास्टरचा पाय हवेत. खोलीपासून खुर्चीपर्यंतचं अंतर एरवी तो विडी पेटवायच्या आत काटायचा. ती दोघं मध्यावर आली आणि फाटकाबाहेर हॉर्न वाजला. साहेब वेळेच्या आधी आले होते.

आजवर हॉर्न वाजला की दगडू वाडीच्या कुठल्याही कोपऱ्यातून पळत यायचा. साहेबांना गाडीतून उतरायची पाळी त्याने कधी आणली नव्हती, त्याला त्याचा अभिमान होता. हॉर्न पुन्हा वाजला. दगडूचं सगळं अंग फाटकाकडे ओढलं गेलं आणि शकूचे पाय लटपटले.

"मला सोड. जा, उघड," तो म्हणाला.

"सोडलं तर पडाल."

"बसव खाली."

"पाय टेकंल."

फाटकाच्या गजांतून दोघं दिसत होती, भर उन्हात, एकमेकांना धरून. हॉर्न तिसऱ्यांदा अर्धाच वाजला आणि बंद झाला. गाडीचं दार उघडलं. विश्राम कर्णिक उतरले. कडी आतून तारेने अडकवलेली असते हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी फाटक ढकललं, हलवलं, मग गजांतून हात घालून चाचपडत तार काढायला लागले. तार त्यांच्या मनगटाला ओरखडली. शेवटी निघाली. सत्तरी ओलांडलेला तो माणूस फाटक तसंच उघडं टाकून भराभर चालत आला आणि त्याने दगडूचा दुसरा हात आपल्या गळ्यात घेतला.

"खाटेवर ने त्याला," ते शकूला म्हणाले. 

खुर्ची बाहेर आंब्याखालीच राहिली होती म्हणून खोलीत आल्यावर साहेब पालथ्या बादलीवर बसले. मुकुल दारात उभा राहिला. त्याने एकदा प्लास्टरकडे बघितलं, एकदा बापाकडे.

"कधी झालं हे?" साहेबांनी विचारलं.

"झाले बरेच दिवस," दगडू म्हणाला.

"कधी?"

शकूनेच सांगितलं. "पेटी पाठवली त्या दिवशी. पायरीच्या झाडावरून पडले."

साहेबांनी मनगटावरचा ओरखडा दुसऱ्या हाताने चोळला. "मी फोन केला होता ना रे तुला? यंदाची पायरी काय गोड आहे, म्हणून. मुकुलच्या आईने रस केला होता. तू म्हणालास, साहेब, झाडाला पाणी वेळेवर मिळालं."  "तेव्हा तू इथे असा पडला होतास?"

दगडूने मान खाली घातली, जणू त्याची चोरी पकडली गेली होती.

"काका, तुम्ही सांगायला हवं होतं," मुकुल म्हणाला. तो वाईट मुलगा नव्हता. दिवाळीला तो दगडूला स्वतः कपडे आणून द्यायचा. पण त्याच्या हातात फोन होता आणि फोनमध्ये तो मेसेज होता. "आणि शकूताई, हे काय आहे? शकुंतला दगडू रोकडे, कर्णिक फार्म, खडवली. पत्त्याचं आपलं काय ठरलं होतं?"

"कागदावर इथला पत्ता नाय द्यायचा."

"मग?"

"टेम्पो मग कुठं येणार, दादा? मी ऱ्हाते कुठं?"

मुकुलने फोन खिशात घातला. मग समजुतीच्या सुरात म्हणाला, "हे बघा, सोपं आहे. दुकानाला फोन करून बिल माझ्या नावावर करून घेतो, माजिवड्याच्या पत्त्यावर. टीव्ही तुमचाच. आणि काकांनी आता आराम करायला हवा, पडघ्याला घरच्यांजवळ. तोवर दुसरं जोडपं ठेवू. त्यांना ही खोली लागेल. काका बरे झाले की बघू."

बघू म्हणजे काय, ते खोलीतल्या चौघांनाही कळलं.

"चालंल, दादा," दगडू म्हणाला. त्याला दुसरं काही म्हणता येतच नव्हतं.

"नाय चालणार," शकू म्हणाली.

ती कधी साहेबांसमोर बसत नसे. आज ती दगडूच्या पायाशी खाटेवर बसली होती ती तशीच बसून राहिली. "दादा, तुमची जमीन मला नको. मूठभर माती पण नको. तसा कागद आणा, मी सही करते. पण टीव्ही माझा हाय. भेंडीचा हाय, कारल्याचा हाय. त्याच्यावर माझं नाव नसंल तर ऱ्हाऊ दे तो दुकानात. आणि मी इथं ऱ्हाते, हे मी दुकानात खोटं नाय सांगणार. खोटं बोलून बोलून दमले मी. ते झाडावर हायत, ते विहिरीवर हायत, ते बांधावर हायत. ते इथं पडलेत आणि रोज थोडे थोडे सुकत चाललेत, ते मला कुणाला सांगता येत नव्हतं. टीव्ही काय मला बघायचाय? हे हसावं म्हणून घेतलेला मी." आणि शकू रडली. इतके दिवस साठलेलं सगळं एकदम बाहेर आलं. तिने फडकं गुंडाळलेले हात तोंडावर घेतले आणि मोठ्याने रडली.

दगडूने हात लांब करून तिची पाठ गाठली.

साहेब तिच्या हातांच्या फडक्यांकडे बघत होते. कलमांना पाणी कोण देत होतं, ते त्यांना आत्ता कळत होतं.

"मुकुल, त्यांना पाणी दे," ते म्हणाले.

"बाबा, एकदा त्या वकिलाशी बोलून मग..."

"माठ त्या कोपऱ्यात आहे."

मुकुल माठाकडे गेला. साहेबांनी चष्मा लावला, मेसेजमधला दुकानाचा नंबर शोधला आणि लावला. पलीकडून कुणी मुलगी बोलत होती. पुन्हा सगळे प्रश्न आले. साहेब एकेक उत्तर सावकाश देत गेले. "नाव शकुंतला दगडू रोकडे. हो, त्याच ग्राहक. पत्ता बरोबर आहे, कर्णिक फार्म, खडवली. राहतात ना, इथेच राहतात. नंबर तेवढा चुकलाय. थांबा." त्यांनी आपल्याच फोनमध्ये दगडूचा नंबर काढला आणि वाचून दाखवला. "हा घाला. आणि माझा काढून टाका. माझा त्या टीव्हीशी काही संबंध नाही."

मुकुल पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता. "आणि काम, बाबा? पावसात झाडं, पाट, हे फाटक..."

"झाडांना गावातला एक माणूस रोजाने लावू, तो संध्याकाळी त्याच्या घरी जाईल. फाटक आज मी उघडलंच की." ते दगडूकडे वळले. "तू बरा हो. खोली कुठे जात नाही. आणि पुन्हा माझ्याशी पंख्याखालून विहिरीवरचं बोललास तर बघ."

 दगडूचे डोळे भरले होते आणि या वेळी त्याने भिंतीकडे तोंड केलं नाही.

मुकुलने पुढच्या आठवड्यात कागद आणलाच. आम्ही पगारी नोकर आहोत, जमिनीवर आमचा हक्क नाही, असं त्यावर होतं. दगडूच्या तो मनाला लागला. शकूने तो प्रीतीकडून फोनवर वाचून घेतला आणि पूर्ण नाव घालून सही केली. कागदाच्या वरच्या कोपऱ्यात राहणार म्हणून खडवली लिहिलेलं होतं, ते मुकुलला लिहावंच लागलं होतं.

टीव्ही आला त्या दिवशी फोन शकूच्या कमरेला खोचलेला होता. तिने फाटक उघडलं. बसवणाऱ्या माणसाने खोकं खोलीत आणलं, छतावर छत्री लावली, आणि मग भिंतीवर बोटाने ठकठक करून थांबला.

"मावशी, चार भोकं पाडावी लागतील. मालकांना एकदा विचारून घ्या. लोक मग आमच्या नावाने ओरडतात."

"विचार गं, शके," दगडू खाटेवरून घाईघाईने म्हणाला. "सायबांना फोन लाव."

शकूने कमरेचा फोन काढला, थोडा वेळ हातात धरला आणि कोनाड्यात ठेवून दिला.

"पाडायची कुठं ते मी सांगते," ती म्हणाली.

ती खाटेशी आली आणि त्या परक्या माणसासमोर, दिवसाउजेडी, दगडूच्या शेजारी आडवी झाली. तिने आपलं डोकं त्याच्या डोक्याला लावलं आणि तो बघायचा तिथून भिंतीकडे बघितलं.

"अगं, काय करतेस?" दगडू पुटपुटला.

"गप पडा. भाऊ, अजून खाली घ्या. अजून जरा. हां, तिथं."

ड्रिल सुरू झालं. विटांची लाल भुकटी दोघांच्या अंगावर उडायला लागली, तरी ती लगेच उठली नाही.